दहा दिवसांत परत

कारखान्यातली कायमची नोकरी सोडून मी गरब्याच्या चणिया-चोळ्या ऑनलाइन विकायला लागलो, तेव्हा बाबांनी मला एक नवरात्र दिलं. दसऱ्यापर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या ओळखीच्या गृहस्थांकडे मुलाखत. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, मुदत म्हणजे मुदत. बडोद्यात आमच्या कारेलीबागेतल्या शेजाऱ्यांनी माझी चौकशी केली की सांगायचे, "सध्या घरी असतो."

पाणीगेट भागातल्या बायकांकडून शिवून घेतलेला माल हॉलमध्ये छतापर्यंत रचला. वेबसाइटवर मी मोठ्या कंपन्यांचं बघून लिहिलं: पसंत न पडल्यास दहा दिवसांत परत, कारण विचारणार नाही.

बाबांनी ते चष्मा लावून वाचलं. "कारण विचारायचं नाही?"

"नाही."

"आमच्याकडे तीन प्रतींत अर्ज लागायचा."

या धंद्यात गिऱ्हाइकावर विश्वास ठेवावा लागतो, असं मी त्यांना समजावलं. समजावण्यात मी तेव्हा फार हुशार होतो.

माल हातोहात खपला. अष्टमीला गरब्याच्या मैदानावर माझ्याच चणिया-चोळ्या गोल फिरताना पाहिल्या आणि छाती फुगली. एका बाईंना मी अभिमानाने सांगितलं, हे माझ्याकडचं आहे. त्या खूश झाल्या. "बहु सरस छे, भाई! अने जुओ, टॅग पण एमनो एम राख्यो छे." कमरेशी आत खोचलेला टॅग त्यांनी काढून दाखवला. लोक आपलं लेबलसुद्धा जपून ठेवतात, असं मी घरी येऊन सांगितलं.

नवरात्र नऊ रात्रींचं असतं. माझा जन्म बडोद्यातला. दहातून नऊ गेले तर किती उरतात, हे मला दसऱ्याला दुपारी कळलं, कुरियरवाल्याने दारात पोती उतरवली तेव्हा. "अजून एक फेरी आहे," तो म्हणाला.

बाबा पोत्यांची तोंडं सोडत बसले, जुन्या सवयीने, एकही सुतळी न कापता. आईने तोरणाचे झेंडू बाजूला सारले आणि एकेक चणिया उलगडून बघितला. घेराला मैदानाची धूळ, चोळीला घामाचा वास. "घडी मोडलीय," ती दर वेळी म्हणायची.

"धुऊन इस्त्री करू," मी म्हणालो. "टॅग आहेतच. नवीन म्हणून जाईल. कोणाला कळतंय?"

"घडी मोडलेली साडी आपण सख्ख्या बहिणीलाही नवी म्हणून देत नाही."

"मग काय, उद्या मुलाखतीला जाऊ?" मी ओरडलो. या सगळ्यात जिचा काडीचा दोष नव्हता, नेमकं तिच्यावर. आई पुढचा चणिया उलगडायला लागली. मला स्वतःची लाज वाटली. मी कात्री घेतली आणि बसल्या जागी सगळे टॅग कापून टाकले, मन पुन्हा फिरू नये म्हणून. बाबा बघत होते.

मग वेबसाइटवर लिहिलं: घडी मोडलेली, स्वच्छ धुतलेली. लग्नात नाचायला भाड्याने मिळेल. आज तोच माझा धंदा आहे, तीन शहरांत, आणि भाषणाला बोलावणारे लोक त्याला माझी दूरदृष्टी म्हणतात. त्या दिवशी मात्र अंधार पडेपर्यंत एकही फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आलो. बाबा त्या गृहस्थांशीच फोनवर बोलत होते.

"नाही, त्याला नाही जमणार यायला," ते म्हणाले. "कामावर आहे. रजा मिळत नाही."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "शर्ट बदल. चणिये भिजत घातलेत."