दोनशे खाकी कव्हरं

दिवाळीची सुट्टी संपली आणि मी वेल्हे तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत बदलून आले. पहिल्याच आठवड्यात कामांची यादी केली. सतरा कामं निघाली. टाकीचा नळ, मुलांची वजनं, खिडकीची फुटलेली काच, आणि अकराव्या क्रमांकावर: माहितीच्या पुस्तकांचं कपाट लावणे.

गोष्टींच्या पुस्तकांची काळजी नव्हती. ती व्हरांड्यात दोरीवर टांगलेली असत आणि मुलं येता-जाता ओढून घेत. माहितीची पुस्तकं मात्र लोखंडी कपाटात होती. मुंगी, विहीर, हाडं, ग्रह, मधमाश्या, पूल, साप, विणकाम. सोळा-वीस पानांची, चित्रांची, पातळ पुस्तकं. दोनशेच्या आसपास. कपाट उघडलं तेव्हा मला त्यात कसलाच क्रम दिसेना. सापाशेजारी प्रथमोपचार, ताऱ्यांना खेटून भातशेती, कोळ्याजवळ हातमाग. नोंदवहीतल्या दाखल क्रमांकांशी काहीही जुळत नव्हतं.

"कपाट मावशी बघतात," मुख्याध्यापक सर म्हणाले. मावशी म्हणजे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई. किल्ली त्यांच्याकडे असते, एवढाच मी त्याचा अर्थ घेतला.

मी उत्रोलीहून स्कूटरवर यायची. कापूरहोळला हमरस्ता गाठायचा, थोडं पुढे जाऊन वेल्ह्याच्या रस्त्याला वळायचं. त्या दिवसांत भात कापून झालेलं असतं. मोकळ्या खाचरांवर धुकं साचून राहतं आणि गावं त्यातून एकेक वर येतात. आधी एखादं आंब्याचं झाड, मग देवळाचा कळस, मग कुठूनतरी चुलीचा धूर. घरून निघताना डोक्यात दिवसाची पूर्ण आखणी असायची. धुक्यात शिरलं की तिचे तुकडे व्हायचे. मी काय करायचं ठरवलंय, कुठल्या शाळेत चाललेय, मी स्वतः पाचवीत आहे की पाचवीला शिकवते, हेही घटकाभर पक्कं राहायचं नाही. शाळेच्या फाटकाशी हेल्मेट काढलं की सगळं पुन्हा जागेवर यायचं.

शनिवारी सकाळची शाळा. मुलं गेली, सर गेले, मावशींच्या घरी भात झोडणी चालली होती म्हणून त्याही किल्ली देऊन घाईनं निघाल्या. मी वर्गात सतरंज्या अंथरल्या आणि कपाट रिकामं केलं. जुना क्रम लिहून ठेवावा असं मनातही आलं नाही. जो नाहीच तो काय लिहायचा?

सहा ढीग केले. प्राणी, वनस्पती, शरीर, पृथ्वी आणि आकाश, यंत्रं, कामधंदे. ढिगांच्या मधून मी अनवाणी फिरत होते. प्राण्यांपासून आकाशापर्यंत चार पावलं, आकाशातून शरीरात यायला दोन. उन्हाचा पट्टा खिडकीतून आत आला आणि आपल्या गतीनं एकेका ढिगावर चढला, उतरला. लांब कुठंतरी पेंढ्या आपटल्याचा आवाज येत होता, धप्, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा धप्. मी देवमाशाचं पुस्तक उघडलं. त्याच्या डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या कुणीतरी फार मन लावून काढल्या होत्या. भानावर आले तेव्हा ऊन यंत्रांवर पोचलं होतं आणि हातातल्या यादीवर एकाही खुणेची भर पडलेली नव्हती.

मग कव्हरं. पुस्तकांचे कोपरे दुमडले होते, काहींवर खिचडीचे पिवळे डाग होते. भोरच्या बाजारातून खाकी कागद आणला. नवं वर्ष, नवी पुस्तकं, आधी खाकी कव्हर. लहानपणापासून हातांना तेवढंच माहीत. दोन शनिवार आणि मधला रविवार लागला. तोवर कपाट बंद ठेवलं. प्रत्येक विषयाला एका रंगाची पट्टी, पट्टीवर माझ्या बऱ्या अक्षरात नाव. सोमवारी कपाट उघडून मी दोन पावलं मागे सरले. सगळी पुस्तकं एका उंचीची वाटावीत इतकी नीट दिसत होती. अकराव्या कामावर मी खूण केली आणि किल्ली मावशींना परत दिली.

मधल्या सुट्टीत मी शाळेत नसे. किती मुलं जेवली हे रोज मोबाईलवर भरावं लागतं आणि रेंज देवळाच्या उंचवट्यावरच येते. गुरुवारी सर म्हणाले, "आज मी जातो." म्हणून मी पहिल्यांदाच त्या वेळी व्हरांड्यात होते.

तिसरीतली एक मुलगी ताट धुऊन मावशींसमोर उभी राहिली. "मावशी, कोळ्याचं द्या की."

मावशींनी पदराला हात पुसले आणि कपाटात हात घातला. न बघता, दुसऱ्या फळीवर, डावीकडे. पुस्तक काढून उघडलं. आत ट्रॅक्टर होता. ते ठेवून दुसरं काढलं. त्यात दात होते. मुलांमधून कुणीतरी ओरडलं, "समद्या पुस्तकांनी युनिफॉर्म घातलाय!" सगळी हसली. मावशी हसल्या नाहीत.

"बाईंना इचार. आता तेंचं हाय कपाट."

"बाईंना न्हाई ठावं, कुठला कोळी ते," मुलगी म्हणाली आणि खेळायला पळाली.

सर देवळावरून उतरून आले होते. "बाई, आमच्या ग्रंथपालांना तुम्ही चार दिवसांत निवृत्त केलंत," ते हसत म्हणाले. माझा चेहरा बघून त्यांनी नीट सांगितलं. मावशींची शाळा दुसरीत सुटली. अक्षरं ओळखतात, पण ओळ वाचता येत नाही. मधल्या सुट्टीत त्या उद्याचे तांदूळ निवडायला बसतात, आणि मुलं भोवती बसून त्यांना पुस्तकं वाचून दाखवतात. पाच-सहा वर्षं हे चाललंय. कुठल्या मुलाला काय द्यायचं हे त्याच ठरवतात. पुस्तक त्यांना जागेवरून कळायचं आणि चित्रावरून. मी जागा बदलल्या होत्या आणि चित्रं झाकली होती.

शाळा सुटल्यावर मावशींनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

"ही तुमच्यापाशी असू द्या, बाई."

"का हो, मावशी?"

"मला कायबी सापडत न्हाई आता. आदी पोरं माज्यापाशी पुस्तक मागायला यायची. आता नुसती खिचडी मागत्यात."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी जाताना ऊन तिरपं झालं होतं, ओढ्याच्या पाण्यावर बगळे एका रांगेत उभे होते आणि मला ते सगळे सारखेच दिसत होते. स्कूटर थांबवून मी त्यांच्याकडे बघत राहिले. खरं तर दोन दिवसांत कपाट पूर्ववत करणं अवघड नव्हतं. पण पूर्ववत म्हणजे कसं, याची माझ्याकडे यादी नव्हती.

शनिवारी दुपारी वही घेऊन मी मावशींच्या खळ्यावर गेले. मावशी आणि त्यांच्या जाऊबाई आडव्या ओंडक्यावर पेंढ्या झोडत होत्या.

"अगं बया, शाळाच खळ्यावर आली व्हय?" जाऊबाई म्हणाल्या. "पट कमी पडला का काय?"

"कपाट पहिल्यासारखं लावायचंय," मी मावशींना म्हणाले. "माझं चुकलं. मला क्रम सांगा."

"तुमी लिवून न्हाई ठिवला?"

"नाही."

"आन् बाकी समदं लिवता!"

जाऊबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मावशींनी पेंढी उचलली, झोडली. दुसरी पेंढी उचलताना म्हणाल्या, "कव्हरं काढा आदी ती."

"काढते."

"मग लिवा. वरली फळी, दाराकडनं. मुंगी." धप्. "मुंगीच्या शेजारी साप."

"साप का?"

"वारूळ मुंगीचं, ऱ्हातो साप. साप वाचला की पोर इचारतंच, चावला तर? म्हनून औषिदाचं. त्याच्या म्होरं हाडं. हाडाच्या म्होरं पूल."

"पूल?"

"त्याला बी हाडं असत्यात की, उभी-आडवी. चित्र बघा तुमी." धप्. "वाचून झालं की पोर काय इचारतं, ते शेजारी ठिवायचं. त्यात काय अवघड हाय?"

माझ्या याद्यांना रकाने असतात. या यादीला रकाने पडेनात. मी नुसती लिहीत गेले. एक पेंढी, एक पुस्तक. पुलावरून पाणी, पाण्यावरून रक्त, रक्तावरून डास. कोळ्याशेजारी हातमाग, कारण धागा दोघांचाही. तारे आणि भात शेजारी, कारण मावशींचे सासरे नक्षत्र बघून पेरायचे आणि नातवंडांना आभाळात बोट दाखवून सांगायचे. भुशाची बारीक धूळ हवेत तरंगत होती आणि तिच्यात ऊन अडकून पिवळं झालं होतं. धप् आणि शब्द, धप् आणि शब्द. माझे डोळे जड झाले. वाटलं, मी बसल्या जागेवरून मुंगीच्या पाठीमागे निघालेय आणि वळणं घेत घेत चंद्राजवळ आलेय, मध्ये कुठंही उडी मारावी लागलेली नाही. इतकी वर्षं मुलांना मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेत होते, प्रत्येक दार बंद करून.

"झोपलासा का काय, बाई?" जाऊबाईंनी विचारलं.

"नाही, लिहितेय."

वहीत पावणेदोनशे नावं झाली होती. मावशी थांबल्या. "यंत्राची न्हाई मला ठावी. ती कुनी वाचत न्हाई माज्यापाशी. ती तुमच्या पट्टीनं लावा."

"आणि किल्ली?"

"कपाट तर लागू द्या," त्या म्हणाल्या आणि पेंढ्यांकडे वळल्या.

रविवारी मी शाळेत एकटी होते. कव्हरं काढायला घालण्याइतका वेळ लागत नाही. एकेक कागद सोडवला की खालून काहीतरी वर येई. धरणाचं पाणी ओसरल्यावर बुडालेल्या बांधांचे, वाटांचे आकार दिसू लागतात तसं. हत्तीचा कान, शनीची कडी, गांडूळ, कुंभाराचे ओले हात. खिचडीचे डाग पुन्हा दिसले, आणि कळलं की ज्या पुस्तकांवर ते जास्त, ती मुलांची जास्त आवडती. वही मांडीवर ठेवून मी पुस्तकं लावली. यंत्रं तेवढी खालच्या फळीवर, कव्हर आणि पट्टीसकट.

सोमवारी देवळाकडे सर गेले. मी जेवणाची ताटं मोजण्याचं निमित्त करून व्हरांड्यात थांबले. मावशी कपाटासमोर आल्या. वरच्या फळीपासून खालपर्यंत त्यांनी बोट फिरवलं, कुठं स्पर्श करत, कुठं न करता. एका जागी बोट थांबलं.

"बेडूक हितं न्हाई." त्यांनी तो काढून विहिरीशेजारी ठेवला. मी वहीत दुरुस्ती केली.

तिसरीतली ती मुलगी लांबून बघत होती. मावशींनी दुसऱ्या फळीवर, डावीकडे हात घातला आणि तोंड दुसरीकडे ठेवूनच पुस्तक तिच्यापुढे धरलं. कोळी होता. मग त्या तांदळाचं ताट पुढ्यात घेऊन बसल्या. मुलगी टेकून बसली, आणखी तिघं-चौघं सरकली. किल्ली कपाटाला लटकत होती.

मुलीनं पहिलं पान उघडून गळा साफ केला.

"पयल्यापास्नं नगं," मावशी खडा वेचता वेचता म्हणाल्या. "मागल्या बारीला घंटा झाली, तवा कोळी जाळ्याच्या मधी बसला व्हता. तिथनं म्होरं वाच. मोठ्यानं."