गण न म्हणता उभा केलेला फड

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे ढोलकी ताणणं. तुर्भ्याच्या खोलीत, दुपारी. तिनं ढोलकी गुडघ्यात धरली, मी दोरी ओढली. म्हणाली, "ओढा की. कांद्याची गोणी उचलता, तेवढा तरी जोर लावा."

माझी बायको तमाशाच्या फडाची सरदार होती. वीस वर्सं. चाळीस माणसं तिच्या शब्दावर उठायची, बसायची. बाई असून गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं नमन, ती स्वतः म्हणायची. घरोघर व्हिडिओ आला, फड मोडला. मी तिचा ढोलकीवाला, मार्केटात हमाल झालो.

त्या संध्याकाळी सीवूड्सच्या एका सोसायटीत आमचा कार्यक्रम होता. तिथला सेक्रेटरी म्हणजे माझ्याच गाळ्याचा शेट. माइकवर बोलला, "कला जगली पाहिजे. संस्कृती टिकली पाहिजे." टाळ्या पडल्या. मग पडद्यामागं आला.

"मावशी, गण नको. डायरेक्ट लावणी घ्या."

ती म्हणाली, "शेट, गणाबिगर फड उभा राहत नाही."

"अहो, तमासगिरांच्या तोंडून गणपती? इथं फॅमिली बसल्यात."

आमच्यात सरदारानं मान हलवल्याशिवाय ढोलकीवर थाप पडत नाही. तिनं मान हलवली नाही. शेटनं माझ्याकडं बघितलं. मी थाप मारली. लावणीची.

पोटाला भ्यालो. दुसरं काय.

ती गेली स्टेजवर. साठीला आलेली बाई. पोरांनी शिट्ट्या मारल्या. खाली उतरल्यावर एवढंच विचारलं, "तिथं सरदार कोण होतं हो?"

मी ढोलकीची दोरी सैल करत बसलो. चौथ्या दिवशी नळावर पाणी भरताना पडली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपली होती. उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच.

तेराव्याला शेट हार घेऊन आला. "रविवारी श्रद्धांजली ठेवलीय. फार मोठी नाचणारी होती. तुम्ही ढोलकी वाजवा." आणि मी मान हलवली. बायकोच्या फोटोसमोर. हो म्हणालो. रात्रभर स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्केटात गेलो. पाठीवर गोणी होती, तसाच गाळ्यासमोर थांबलो. हमालांची सगळी टोळी बघत होती.

म्हणालो, "शेट, ती नाचणारी नव्हती. फडाची सरदार होती. तुम्ही तिला गण म्हणू दिला नाही, आणि मी तुमचं ऐकलं. रविवारी मी येणार नाही. तिचा फोटोबी लावायचा नाही."

शेट हसला. "मुकादम, हा म्हातारा उद्यापासून माझ्या गाळ्यावर नको."

मी गोणी तिथंच खाली टाकली. उद्याची वाट कशाला बघू. भीक मागीन, पण ह्याच्यापुढं परत मान हलवणार नाही.