सायलीला मी सांगितलेलं कॉलेज

हे आईला माहीत नाही. नवऱ्याला नाही. सायलीला तर नाहीच — आणि खरं तर तिलाच आधी कळायला हवं होतं. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

सायली माझी मावसबहीण, नायगावची. बारावी झाल्यावर ती आमच्याकडे डिलाईल रोडला आली, कारण आमच्यात कॉलेजातलं कळणारी मी एकटी. मी एका खाजगी कॉलेजात ॲडमिशनचं काम बघते. तिच्या मनात दोन कॉलेजं होती. एक दादरचं — जुनं, साधं, फी बेताची. दुसरं आमचं — काचेची इमारत, फी जवळपास दुप्पट. पोरगी हुशार. आमच्या जाहिरातीतला सरासरी पगार सगळ्या मुलांचा धरलाय की फक्त नोकरी लागलेल्यांचा, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांचा. खोटं होतं ते. पण मोठं खोटं त्याच्यापुढचं.

"ताई, ॲडमिशन घेतात त्यातले पूर्ण किती करतात?" ती म्हणाली. "हे कुठेच दिलेलं नाही. तुझ्या बॅचमधले किती पास झाले?"

आता इथे — कसं सांगू? मी त्याच कॉलेजात शिकले. म्हणजे, शिकत होते. शिकवायला निम्मं वर्ष कोणी नसायचंच. माझे विषय राहत गेले, तिसऱ्या वर्षी मी जाणंच बंद केलं. वर्गातले निम्मे तसेच गळाले. मला कॉलेजनं ऑफिसात ठेवून घेतलं आणि घरी मी पास झाले म्हणून सांगितलं. आईनं अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. निम्मे सोडतात असं म्हटलं असतं, तर सायलीचा पुढचा प्रश्न काय असता?

"जवळजवळ सगळे झाले," मी म्हटलं.

तिनं आमच्याकडेच ॲडमिशन घेतली; काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, पीएफमधून पैसे काढले. सायली दुसऱ्या वर्षात अडकली, पुन्हा बसली, पुन्हा अडकली. शेवटी सोडलं. त्या दिवशी ती आमच्या गॅलरीत कठड्याला टेकून उभी होती.

"तुमचे सगळे झाले ना ताई," ती म्हणाली. "म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे."

मीसुद्धा झाले नाही गं — एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

आता ती लोअर परळच्या मॉलमध्ये लिपस्टिकच्या काउंटरवर उभी असते. मी आमच्या काचेमागे. सोडावं म्हटलं तरी डिग्रीशिवाय मला दुसरीकडे कोण घेणार? रोज कोणाचे तरी आईबाप समोर बसतात, आणि मी तेच बोलते.

गेल्या महिन्यात सायली तिच्या शेजारच्या मुलीला कॉलेजचं विचारायला आमच्या घरी घेऊन आली. मुलगी समोर बसली, आणि का कोण जाणे, या वेळी मला जमेना. दादरला जा, मी म्हटलं. आमच्याकडे निम्मी मुलं मधेच सोडतात.

निघताना मुलीला पुढे पाठवून सायली दारात थांबली.

"हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"नव्हतं," मी म्हटलं.

तिला ते पटलं. चप्पल घालता घालता म्हणाली, तू तरी काय करणार होतीस, ताई.