पोपटने परत दिलेला हॉर्न

साल दोन हजार पंचवीस. मला चौऱ्याहत्तर लागलेलं. दुपारी नामपूरहून फोन आला, पोपटचा मुलगा होता. "काका, बापू गेले. कांद्याच्या चाळीपाशी खाटेवर बसले होते, चहा मागितला, आणि चहा येईस्तोवर..." आणि खरं सांगतो, पहिला विचार हाच आला की या माणसाने चहासाठी आयुष्यात कधी एवढी वाट पाहिली नव्हती. त्याला आता काही आठवडे झाले. रडून झालं. म्हणून आता लिहितो.

पोपट माझा साडू. त्याची बायको माझ्या बायकोची धाकटी बहीण, त्यामुळे नात्याने मी थोरला आणि वयाने तो. हा हिशोब त्याला शेवटपर्यंत पटला नाही. मला हाक मारायचा "काय थोरले!" आणि हाकेतच चिमटा काढायचा. माझी शाळा चौथीला सुटली, त्याची त्याच्याही आधी. पण दोघांपैकी एकानेही आपल्याला एखादी गोष्ट येत नाही, असं कधी कबूल केलं नाही. लग्नकार्यात आम्ही शेजारी बसलो की बायका आधीच सांगायच्या, आज भांडू नका. आम्ही भांडायचो. भांडण झालं की जेवण गोड लागायचं.

मी जुनी जीप घेतली तेव्हा पोपट नामपूरहून मुद्दाम लिंबू-मिरची घेऊन आला. पुढच्या जाळीत हात घालून तारेने आपल्या हाताने बांधली आणि मला दटावलं, "दर शनिवारी नवी बांधायची, अन् याच जागी. जागा बदलू नको." मी जागा बदलली नाही. एकदा धरलेलं मी सोडत नाही, हे सगळ्या नात्यात माहीत आहे.

पुढे मी शहरात, गंगापूर रोडला मुलाकडे राहायला आलो. जीप आली, लिंबू-मिरचीही आली. गेल्या वर्षीची गोष्ट. लासलगावच्या रस्त्याला कांद्याचा ट्रॅक्टर पुढे चाललेला, मी हॉर्न दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला, नाही. घरी येऊन मुलाला सांगितलं. तो पार्किंगमध्ये गेला, चावी फिरवून दाबला... पों! "बाबा, वाजतोय की." दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पुन्हा मुका. घरी आलो, मुलाने दाबला, पों! असं तीन-चारदा झालं. मग सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा हल्ली टीव्हीचा आवाजसुद्धा फार मोठा ठेवतात." घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मुलगा मायेनेच म्हणाला, "बाबा, कान तपासून घेऊ. तोवर गाडी नको." आणि खिळ्यावरची चावी त्याच्या खिशात गेली.

मी कोणाच्या बापाला घाबरलो नाही, पण त्या रिकाम्या खिळ्याकडे मला बघवेना. गाडी गेली की माणसाला लोक नेतील तिथे जावं लागतं आणि आणतील तेव्हा परतावं लागतं. मी पोपटला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "तुना कानले काय व्हयनं? मी तोंडातल्या तोंडात दिलेली शिवी तुला पलीकडच्या खोलीतल्या पलंगावरून ऐकू येते. मी येतो." एवढंच. सगळ्या नात्यात माझ्या कानांवर विश्वास ठेवणारा तो एकटा, आणि तो एसटीने आला, पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन.

आल्या आल्या त्याने मुलाला विचारलं, "तू हॉर्न बघतो तेव्हा इंजिन चालू असतं का बंद?"

"बंद. का हो?"

"अन् तुझा बाप काय गाडी ढकलत नेतो का रस्त्याने?"

इंजिन चालू केलं. जीप थरथरली. मुलाने हॉर्न दाबला... काही नाही. माझी छाती तिथेच वीतभर फुगली. पोपट मात्र बॉनेटमध्ये शिरला. फ्यूज काढून उजेडात धरला, चांगला होता. बॅटरीतून एक वायर ओढून थेट हॉर्नला लावली, तरी मुका. मी म्हणालो, "हॉर्नच मेलाय. नवा टाकू."

"थोरले, तू गप. नवा टाकला तर तोबी मुकाच राहील." त्याने दुसरी वायर घेतली, बॅटरीच्या दुसऱ्या टोकाची, आणि हॉर्नच्या अंगाला टेकवली. असा भोंगा वाजला की वॉचमन काठी घेऊन धावत आला. पोपट ओरडला, "अर्थिंग! वीज येतेय पण परत जायला वाट नाय. इंजिन हललं की बोल्ट सुटा होतो." तो जाळीत डोकं घालून बोल्ट बघायला लागला आणि एकदम गप्प झाला. पोपट गप्प, म्हणजे काहीतरी लय मोठं घडलेलं.

मी वाकून पाहिलं. हॉर्न ज्या बोल्टाने गाडीला कसलेला, त्याच बोल्टाला लिंबू-मिरचीची तार. इतक्या शनिवारांच्या लिंबांचं पाणी त्यावर ठिबकून बोल्ट गंजून खरबरीत झालेला. जागा कोणाची? पोपटची. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. तो बॉनेटला टेकला आणि हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बाळा, तुझ्या बापाचे कान बरे हायेत. माझं लिंबू आंबट निघालं!" मग त्याने पॉलिश पेपरने बोल्ट घासला, पान्याने कसला आणि लिंबू-मिरची बंपरला बांधली. संध्याकाळी पाहिलं तर चावी खिळ्यावर होती.

पोपट सगळ्यांना हसवायचा, हे त्याच्या दहाव्याला जो तो बोलला. मला वेगळं सांगायचंय. म्हातारा माणूस काही सांगतो तेव्हा आधी त्याचं खरं धरायचं आणि मग बॉनेट उघडायचं, एवढी गोष्ट त्याला येत होती. ती फार थोड्यांना येते.

त्या दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोपट एसटी स्टँडला निघाला, तर मी त्याची पिशवी हिसकावून जीपमध्ये टाकली. मुलगा आपणहून खाली आला आणि बिल्डिंगचं गेट उघडून उभा राहिला. मी गाडी त्याच्यासमोर नेली आणि लांबलचक हॉर्न दिला. पोपट दचकला, "अरे, तो समोरच उभा शे ना! गेट उघडं शे!"

"त्यालाच दिला," मी म्हणालो, आणि नामपूरचा रस्ता धरला.