वहिनींचा पहिला गिअर

आमच्या शेजारच्या वहिनींना सगळी गल्ली ‘पहिला गिअर’ म्हणते. नाव मीच ठेवलं, खोटं कशाला बोलू?

टेकडीवरच्या इस्पितळात लॉन्ड्रीतल्या धुतलेल्या चादरी पोचवायच्या, हे काम त्यांच्या नवऱ्याचं. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सहा महिने क्लच बंद. मग व्हॅन वहिनींनी हातात घेतली. नवऱ्याशेजारी बसून पंधरा वर्षं गठ्ठे सांभाळलेली बाई. तिला इंजिनचा सूर पाठ होता. पण तऱ्हा अशी, की चढ लागायच्या आधीच, विजेच्या खांबापाशी, सपाट रस्त्यावर गाडी हळू करायची आणि पहिल्या गिअरमध्ये टाकायची. मग वरपर्यंत गिअरला हात नाही. इंजिन असं बोंबलायचं की आमच्या घरात चहा उतू जायचा.

मोठ्या दिरांना हे सोसेना. त्यांनी तीस वर्षं साहेबाची गाडी चालवलेली, तीही पाटासारख्या सपाट रस्त्यावर.

“चारचौघांत हसं होतंय आपलं. गाडी विकून टाकू. गिऱ्हाईक बघितलंय मी,” ते म्हणाले.

“मला गाडीसकट विकणार असाल तर बघा,” वहिनी म्हणाल्या. “घेतोय का कोणी?”

मी कुंपणावरून म्हटलं, “गाडीला मिळेल हो गिऱ्हाईक.”

“भावजी, तुम्ही तुमचा चहा बघा. उतू चाललाय.”

दिरांनी मग लॉन्ड्रीच्या मालकाचे कान भरले. मालकाने सरळ निरोप धाडला: सोमवारी आठच्या आत चादरी वर पोचल्या नाहीत, तर मंगळवारपासून दुसरी गाडी. लगेच दीर बाह्या सरसावून उभे. “सोमवारी मी चालवणार.”

“चालवा की. मी शेजारी बसते,” वहिनी म्हणाल्या. इतक्या गोड आवाजात की मला संशयच आला. फुकटचा तमाशा मी सोडतो होय? मागे गठ्ठ्यांवर जाऊन बसलो.

खांब आला. वहिनी म्हणाल्या, “इथे उतरवा गिअर.”

“अगं, चढाला जोर लागतो. वेग घेऊन जायचं!” दिरांनी तिसऱ्यातच गाडी दामटली. अर्धा चढ झकास गेला. पुढे वळण. गाडी धापा टाकू लागली. दिरांनी घाईघाईने दुसरा शोधला. तो काही सापडेना. खर्रर्र आवाज झाला, गाडी आचका देऊन बंद पडली आणि हळूच मागे निघाली. माझ्यासकट सगळे गठ्ठे मागच्या दारावर! वहिनींनी हँडब्रेक खसकन ओढला.

आठला दहा कमी. मी उतरून चाकामागे धोंडा लावला. 

“खाली जाऊन पुन्हा वेग घेऊ,” दीर म्हणाले.

“वेळ कुठे आहे? उतरा.”

“अगं पण…”

“उतरा म्हणते ना. मागे बसा भावजींबरोबर.”

जन्मात पहिल्यांदा दीर मागच्या दाराने चढले. वहिनी बसल्या, पहिला टाकला, क्लच अर्धा सोडला, इंजिनचा सूर भरल्यावर हँडब्रेक खाली केला. गाडी बोटभरही मागे सरकली नाही. धोंडा तिथेच राहिला, आम्ही निघालो.

“आता दुसरा टाक! इंजिन ओरडतंय!” दीर मागून ओरडले.

“ओरडू दे. तुम्हीही ओरडताय, मी काही बोलले?”

आठला तीन मिनिटं असताना इस्पितळाच्या कारकुनाने गठ्ठे मोजून घेतले. मालकाचा माणूस दारातच होता. तो घड्याळ बघून निघून गेला.

परतीला आम्ही दोघे मळक्या चादरींवर. उतारालाही वहिनींनी पहिलाच टाकला. ब्रेकवर भार नको म्हणून. गाडी पुन्हा किंचाळायला लागली.

“भावजी,” वहिनींनी मान न वळवता हाक मारली. दोन भावजी होते, दोघेही सावरून बसलो. “मोठे भावजी. त्या गिऱ्हाइकाला फोन लावा. आत्ता. मला ऐकू येईल असा.”

दिरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चादरीच्या घड्या बघत बसलो. शेवटी लावला. पण इंजिनच्या बोंबेत पलीकडच्याला काही कळेना.

“विकायची नाही!… गाडी हो, गाडी!… नाही, बिघडलेली नाही!… अहो, नाही विकायची म्हणतोय!”

टेकडी उतरेपर्यंत तीनदा ओरडावं लागलं बिचाऱ्यांना. दुसरा गिअर टाकला असता तर एकदाच भागलं असतं. वहिनींनी टाकला नाही.