नूरला घरी सोडलं तेव्हा

"काकू, आत्ताच्या आत्ता पोलिसांना फोन करा." सुहास माझ्या केबिनच्या दारातच उभा होता.

सुहास माझा रीजनल मॅनेजर, म्हणजे माझा साहेब. मूळचा नागपूरचा; मुलांनो, तुमच्या बाबाच्या वयाचा. अमेरिकेत, ट्रॉयमधल्या एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्सची मी प्रॉपर्टी मॅनेजर होते. म्हणजे भाडेकरू, गळके नळ आणि तक्रारी माझ्याकडे. त्या सकाळची तक्रार सी बिल्डिंगमधली होती. तिथली नूर आदल्या संध्याकाळपासून घरी नव्हती आणि तिची आई जिन्यात बसून रडत होती.

नूर कुठे आहे ते मला माहीत होतं. जिच्या घरी ती होती, ती ए बिल्डिंगमधली बाई माझ्यासमोरच बसली होती. नूरचं ज्याच्यावर प्रेम होतं, त्या रिझालची आत्या.

दोन्ही कुटुंबं इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरची, सासाक समाजाची. मुलांनो, त्यांची रीत वेगळी आहे. मुलगी मागायला जाणं म्हणजे वस्तू मागितल्यासारखं, बापाचा अपमान. म्हणून मुलगी स्वखुशीने, गुपचूप निघते आणि मुलाच्या नातेवाइकांकडे राहते. याला मेरारिक म्हणतात. मग मुलाकडचे गावप्रमुखाकरवी बापाला रीतसर निरोप धाडतात. बाप रागावतो, बोलणी होतात, निकाह लागतो. बापाच्या संमतीशिवाय मात्र लागत नाही.

"इथे गावप्रमुख कुठून आणू?" आत्या म्हणाली. "सगळ्या घरांच्या किल्ल्या तुमच्याकडे असतात. निरोप घेऊन तुम्हीच तिच्या बापाकडे चला. संध्याकाळी बापाचे भाऊही तिथे येतील. चारचौघांसमोर सांगायचं असतं."

मी आधी जाऊन नूरला एकटीला भेटले. चांगली सज्ञान, नोकरी करणारी मुलगी. "आय ॲम फाइन, आंटी," ती हसली. "चार्जरसुद्धा आठवणीने आणलाय."

सुहासला हे सगळं सांगितलं.

"काकू, आपलं लीजिंग ऑफिस आहे, मॅरेज ब्युरो नाही. काही झालं तर लायबिलिटी कोणाची?"

"संध्याकाळपर्यंत थांब."

"पॉलिसी आहे, यार." त्याने स्वतःच फोन लावला आणि वेलफेअर चेक मागितला. म्हणजे माणूस सुखरूप आहे ना, हे पोलिसांनी येऊन पाहायचं.

ऑफिसर सभ्य होता. नूर सुखरूप आहे, मर्जीने आली आहे, हे त्याने पाहिलं. मग म्हणाला, "आई रडतेय. पाच मिनिटं भेटून ये. मी सोडतो." आत्या नको नको म्हणत राहिली. नूर इथेच वाढलेली, बोलणीआधी परत जाण्याचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. आई रडतेय हे ऐकून ती पोलिसांच्या गाडीत बसली.

तिथेच मोडलं. बोलणीआधी मुलगी परत आली, म्हणजे मुलाकडच्यांनी परत पाठवली, असं बापाने धरलं. बापाने पोलिस पाठवून मुलगी नेली, असं आत्याने.

संध्याकाळी मी गेलेच. नूरच्या वडिलांना सगळे अमाक नूर म्हणत, म्हणजे नूरचे बाबा. इस्त्रीचा सारोंग नेसून ते बसले होते. शेजारी त्यांचे भाऊ. टेबलावर पाहुण्यांचे कप मांडलेले.

"सकाळपासून निरोपाची वाट पाहत होतो," ते म्हणाले. "रागवायचीही तयारी केली होती. आता कसला निरोप आणलात? माल तर परत आला."

"फोन आमच्या ऑफिसने केला होता. रिझालच्या घरच्यांनी नाही."

"फोन कुणाला दिसतो, मॅडम? गाडी सगळ्यांनी पाहिली."

आत्याने पुन्हा निरोप पाठवला नाही. रिझालने लीज मोडून आमच्याकडचं घर सोडलं. नूर दूर दुसऱ्या राज्यात, शॉमबर्गला नोकरी घेऊन गेली. वडिलांना फोन करत नाही. त्यांना अजूनही सगळे अमाक नूरच म्हणतात.

सुहासने तक्रारीपुढे 'रिझॉल्व्ह्ड' लिहिलं. पॉलिसीप्रमाणे ते बरोबर होतं.

मला एवढंच कळलं, की माणूस सुखरूप दिसला की वेलफेअर चेक संपतो. त्याला घरी सोडायचं नसतं.