पदराची उलट बाजू

"जरा पदर उलटा करून दाखवता का?"

एवढंच म्हणाला तो. 'दाखवता का' म्हणाला, 'दाखव' नव्हे. पुण्यात शिकलेला माणूस, शिवी देत नाही. अहोजाहो करून बाईमाणसाच्या अंगावरचा पदर मागतो.

दुकानात भर गर्दी. पांढऱ्या गादीवर बारा-पंधरा बायका, त्यांच्यापुढं साड्यांचे ढीग. आम्ही कामाच्या सात पोरी. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. आणि मी पदर उलटा केला. त्यानं मागितला याचा राग आहेच. पण मी 'का?' न विचारता एका दमात दाखवला, त्याचा राग जास्त आहे. तो अजून उतरत नाही.

नीट सांगते.

बेळगावात बाजारपेठेत साड्यांचं दुकान. पाटी कन्नडात, बोलणं मराठीत, बिल इंग्रजीत. मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो, त्यांच्या बायकोला आक्का. "आमच्याकडं नोकर कोण न्हाय, सगळी घरचीच माणसं," असं अण्णा येईल त्याला सांगायचे. मी येळ्ळूरहून रोज बसनं जायची. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही फाडफाड येतं म्हणून चार वर्षांपास्नं मला वरच्या मजल्यावर, भारी साड्यांकडं ठेवलेली. आणि तो पदर मागणारा म्हणजे अण्णांचा भाचा. धंदा सुधारायला आलेला. इथं येऊन वर्ष झालं तरी त्याला कन्नडचं ओ की ठो कळत नव्हतं.

अण्णांचा एक नियम होता. भारी साडी दाखवणारीनं नेटकंच नेसून यायचं. गिऱ्हाईक आधी पोरीकडं बघतं, मग साडीकडं. बरोबर आहे. पण नेटकं नेसायला आणायचं कुठनं, हे काय त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या दुकानातली साधी साडी घ्यायची तर माझा महिन्याचा बाजार बोंबलला असता.

मग मी माझी वाट काढली. खासबागेचा रविवारचा बाजार. भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बोहारणी आठवडाभर टिळकवाडी, कॅम्पातल्या बंगल्यांच्या दारात बसतात आणि रविवारी तो सगळा माल ताडपत्रीवर ओततात. लोक नाक मुरडून पुढं जातात. मी खाली बसते आणि हात घालते.

हात घालायचा कसा, ते मला आईनं शिकवलं. आईचं माहेर वडगावचं, विणकराचं घर. लग्न होईपर्यंत ती मागापाशी बसायची, इरकलचे पदर जोडायची. अस्सल इरकलचं अंग वेगळं आणि पदर वेगळा असतो. अंगाचा एकेक दोरा पदराच्या एकेक दोऱ्यात अडकवून जोडतात. ते काम पोरींचं, कारण बोटं बारीक. त्या जोडावर बोट फिरवलं की बारीकशी कड लागते. मशीनच्या साडीला ती कड नसते. तिथं नुसता रंग बदलतो. आई म्हणायची, "कापडाचं तोंड बघू नगं गं, पाठ बघ. तोंडाला कोण बी पावडर लावतंय."

तर मी पाठ बघते. मुठीत चुरगाळते, सोडते, बघते किती वेळात सरळ होतंय. उन्हात धरते. काठाचा एक दोरा उपसून काडी लावते. सुताची राख होते, प्लास्टिकची गोळी होते. ढिगातल्या शंभर कपड्यांत दोन निघतात. पण निघतात तेव्हा असे निघतात की बंगल्यातल्या बाईला कळलेलंच नसतं आपण काय देऊन पातेलं घेतलं.

ती इरकल अशीच निघाली. गर्द जांभळी, लाल रेशमी पदर, हातमागाची. पदराला चिंचोक्याएवढं जळकं भोक होतं, उदबत्तीचं असावं. त्या भोकापायी दीडशेला मिळाली. दुसऱ्या दोऱ्यानं रफू केला असता तर रंग वेगळा दिसला असता. म्हणून मी पदराच्या टोकाचेच दोरे उपसले आणि ते एकेक करून भोकात विणले. चार रविवार गेले त्यात. सुलट बाजूनं बघितलं तर आईलाही सापडलं नाही. उलट बाजूला मात्र चिंचोक्याएवढी गाठाळ खूण राहिली. ती कशी जाणार?

त्या दिवशी मी ती इरकल नेसले होते. का खोटं बोलू, मला ऐट वाटत होती. बसमध्ये एका बाईनं 'कुठनं घेतली हो' म्हणून विचारलंही होतं.

दुपारी गोकाककडची एक म्हातारी आली. नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू. आम्ही अशा बायकांना अव्वा म्हणतो. लेकीचं पहिलं बाळंतपण झालं होतं, तिला साडी नेसवून सासरी धाडायची होती. वीसेक साड्या उलगडल्या. अव्वाचं मन बसेना. मग तिनं हात पुढं केला, माझाच पदर चिमटीत धरला, जोडावर बोट फिरवलं आणि मोठ्यानं म्हणाली,

"इदु भाळ चलो ऐति नोडु!"

म्हणजे, ही लई चांगली आहे बघ. आमच्याकडच्या कन्नडात चलो म्हणजे चांगलं. शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पण भाच्यानं गल्ल्यावरनं ऐकलं 'चलो', आणि त्याला वाटलं गिऱ्हाईक उठून निघालं! धावतच आला. "अहो आज्जी, थांबा ना, जाऊ नका, अजून माल आहे," म्हणत हात जोडायला लागला. अव्वा त्याच्याकडं बघतच राहिली. पोरी फिसकन हसल्या. मीही हसले. हसत हसतच त्याला सांगितलं, "दादा, चलो म्हणजे छान. त्यांना माझी साडी आवडली."

तिथं माझं चुकलं बहुतेक. मालकाच्या माणसाला हसायचं नसतं.

त्याचे कान लाल झाले. अव्वाच्या चिमटीत माझा पदर अजून होता. तो त्या पदराकडं बघायला लागला.

"ही आपल्या कपाटातली ना?"

वरच्या मजल्यावर कुलपाचं कपाट होतं. त्यात 'प्युअर हातमाग' म्हणून इरकलचा नवीन माल आलेला, आठ हजारांच्या पुढचा. सकाळी मोजताना त्यात एक जांभळी कमी भरली होती.

"न्हाय दादा, माझी हाय."

"तुमची?" तो गोड हसला. "तुम्हाला कशी परवडेल? राग मानू नका. जरा पदर उलटा करून दाखवता का? आपल्या मालाला उलट बाजूनं स्टिकर असतं. गोंदाचा डाग राहतो."

मी पदर उलटा केला. गोंदाचा डाग नव्हता. माझा रफू होता.

"हे काय?"

"भोक होतं. मी भरलंय."

"नव्या साडीला भोक?"

"नवी न्हाय. खासबागेच्या बाजारातली."

गादीवरच्या एका बाईनं आपली पर्स जवळ ओढली. भाच्यानं पदराला लावलेली बोटं हळूच रुमालाला पुसली. ते मी बघितलं. तेवढ्यात अण्णा जिना चढून आले. भाच्यानं त्यांच्या कानात सांगितलं. मला वाटलं, अण्णा चार वर्षं बघतायत मला, आता त्याला दोन शब्द सुनावतील. अण्णा म्हणाले,

"अगं, आधी सांगायचं न्हाय व्हय? आणि कुणाकुणाची उतरलेली जुनेरं नेसून माझ्या गिऱ्हाइकापुढं हुबी ऱ्हातीस? लाज न्हाय वाटत?"

बघा आता. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. चांगलं नेसले तर मी चोर. चोर नाही म्हणून सिद्ध केलं, तर मी घाण. त्यांच्या तोंडाला तिसरा शब्दच माहीत नव्हता. मला चांगल्या कापडाची पारख आहे आणि सुई धरता येते, हे एवढं साधं त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

संध्याकाळी ती हरवलेली जांभळी सापडली. आक्कांनी पसंतीला घरी नेली होती. कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी सांगावं तरी का? त्यांना कोण पदर उलटा करायला लावणार होतं?

कुणी माफी मागितली नाही. जाताना अण्णांनी पुडकं दिलं. "ही घे, नवी कोरी. भारी माल दाखवताना हीच नेसायची. ते बाजारातलं इथं परत दिसायला नगं." वर म्हणाले, "घरच्यासारखी हैस म्हणून देतोय."

घरी आईनं पुडकं सोडायच्या आधीच फटीतनं दोन बोटं आत घातली आणि बाहेर काढली. "प्लास्टिक हाय गं. पडून ऱ्हायलेला माल दिसतोय." मग पुडकं माझ्याकडं सारत म्हणाली, "नेस गुमान. नोकरी ऱ्हाऊ दे."

आईवर चिडले मी. "तू पाठ बघायला शिकवलीस, आणि आता नेस म्हणतीस?"

"पाठ बघ म्हणलं. सगळ्यांस्नी दाखव म्हणलं न्हाय," आई म्हणाली आणि चुलीकडं गेली.

ते लागलं. खरंच होतं ते. मी दाखवली होती पाठ. माझे चार रविवार, माझी सुई, माझा बाजार, सगळं त्या माणसापुढं मी उलटं करून धरलं, 'मी चोर नाही हो' म्हणून. ज्यानं आळ घेतला त्यानं पुरावा द्यायचा, की जिच्यावर घेतला तिनं? हा प्रश्न मला दुकानात का सुचला नाही? चार वर्षं 'दाखव' म्हटलं की दाखवायची सवय लागली होती, म्हणून.

पुडकं मी तसंच दोऱ्यात बांधून ठेवलं. तीन दिवस माझीच एक जुनी सिंथेटिक नेसून गेले. ती पुडक्यातली नव्हे, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. चौथ्या दिवशी मी परत इरकल नेसले आणि पुडकं पिशवीत घातलं. परत देऊन टाकायचं एवढंच ठरवलं होतं. पुढचं ठरवलं नव्हतं.

आणि त्याच दिवशी, मागच्या खेपेला काही न घेताच गेलेली अव्वा परत आली, लेकीला घेऊन. लेकीच्या मांडीवर तान्हं. अव्वानं मला बघितलं आणि माझ्या पदराकडं बोट दाखवलं. असलीच पाहिजे.

भाच्यानं कुलूप काढलं. जांभळी इरकल अव्वापुढं पसरली आणि मला म्हणाला, "सांगा त्यांना. प्युअर हातमाग. कन्नडमध्ये सांगा."

मी ती साडी हातात घेतली. खरं सांगते, हे कपाट आल्यापास्नं मी त्यातल्या साड्यांच्या जोडावर बोट फिरवलंच नव्हतं. फिरवलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर सांगायला लागलं असतं. कपाटावरची चिठ्ठी वाचून 'हातमाग, हातमाग' म्हणत विकत होते. कितीतरी बायकांना विकली. त्या दिवशी बोट फिरवलं. कड नव्हती. नुसता रंग बदलत होता. मी पदर उलटा केला. सपाट. मशीनचा.

भाचा बघत होता. मी अव्वाचं बोट धरलं, आधी माझ्या पदराच्या जोडावर ठेवलं, मग त्या साडीच्या. आणि सांगितलं,

"इदु कैमग्गद्दल्ल अव्वा. मशीन्दु."

हातमागाची नाही, मशीनची आहे.

अव्वानं दोनदा बोट फिरवून बघितलं. मग माझ्या हातावर हात ठेवला. "चलो आत बिडु," म्हणाली. बरं झालं बाई, सांगितलंस.

आणि भाचा खूश! मागच्या वेळी शिकला होता ना, चलो म्हणजे छान. "आवडली ना आज्जी? पॅक करा, पॅक करा," म्हणून खालच्या पोराला हाक मारली. अव्वा उठली, लेकीला उठवलं, तान्ह्याचं दुपटं सावरलं आणि जिना उतरून गेली. भाचा पिशवी उघडून उभाच.

अण्णांना मात्र कन्नड येतं. ते जिन्यात उभे होते. सगळं ऐकलं होतं.

"काय सांगितलंस तिला?"

"खरं ते."

"अन्न खातीस ह्या दुकानाचं."

"काम करून खाते अण्णा."

"लई शानी झालीस. उद्यापास्नं येऊ नगंस."

भाचा अजून विचारत होता, "मामा, काय झालं? छान म्हणाल्या ना त्या?" मी पुडकं काढून त्या उलट्या पदरावर ठेवलं. म्हटलं, "हे तुमचं. ह्याची पण पाठ बघून घ्या." कुणाला शूर वाटायला नको. जिना मी कठडा धरूनच उतरले.

आता वडगावात फॉल-पिको करते. मिळकत निम्म्यावर आली. आई चार दिवस बोलली नव्हती, आता बोलते, पण दुकानाचा विषय निघाला की उठून जाते. दुकान जोरात चालू आहे. कपाटावर चिठ्ठी तीच आहे, असं तिथली पोरगी सांगत होती. माझ्या जाण्यानं त्यांचं काही अडलं नाही, आणि अडेल असं मला वाटलंही नव्हतं.

रविवारी मी खासबागेत असते. शेजारच्या दोघीतिघी बरोबर येतात. त्यांना कड दाखवते, दोरा जाळून दाखवते. बाजारातनं आणलेलं मी कुणापासून लपवत नाही आणि कुणाला आपणहून सांगतही नाही. पुढंमागं मी परत कुठंतरी काउंटरपाशी उभी राहीन. अंगावर चांगलंच नेसलेलं असेल. आणि परत कुणीतरी गोड आवाजात म्हणेल, जरा पदर उलटा करून दाखवता का?

नाही दाखवणार. आधी तुमचं कपाट उघडा. त्यातला एकेक पदर मी उलटा करते.